सरकारी जंगलात गुपचूप कापलेल्या स्कीच्या वाटा: किरकोळ छाटणी की चोरी?

रानजाई (धागाकर्ती)

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यातल्या आमच्या एका स्कीवाल्या गटात परवा कोणीतरी जीपीएसचा ट्रॅक टाकला. खाली लिहिलं होतं, "सीक्रेट लाइन आहे, मस्त साफ केलेली. बाहेर सांगू नका." नकाशावर पाहिलं तर तो सगळा उतार राज्याच्या जंगलातला. भराभर लाइक पडले. "साफ केलेली म्हणजे कोणी, कोणाला विचारून?" हे कोणी विचारलं नाही, म्हणून इथे विचारते.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बॅककंट्री स्कीइंगमध्ये लिफ्ट, तिकीट, राखलेला उतार यातलं काहीच नसतं. स्कीच्या तळाला स्किन (चढताना मागे घसरू न देणारी पट्टी) लावून आपल्या पायांनी डोंगर चढायचा आणि जंगलातून खाली यायचं. इथली जंगलं दाट आहेत. त्यामुळे मोठी झाडं तशीच ठेवून मधली रोपटी, झुडपं आणि खालच्या फांद्या काढतात, स्की वळवायला जागा करतात. त्याला ग्लेड म्हणतात. रीतसर परवानगी घेऊन केलेले ग्लेड आहेत, आणि बर्फ पडायच्या आधी हातकरवत घेऊन गुपचूप केलेलेही आहेत.

यातलं सर्वात गाजलेलं प्रकरण बिग जे डोंगराचं. कॅनडाच्या सीमेजवळ, जे पीक रिसॉर्टला लागून हा डोंगर आहे. उंची ३,७८६ फूट, जंगल राज्याच्या मालकीचं. २००७ च्या उन्हाळ्यात दोन स्कीवाल्यांनी तिथे वरून सरळ खाली सुमारे २,००० फूट लांबीचा पट्टा कापला. काही ठिकाणी तो ६० फूट रुंद होता. हजाराच्या आसपास झाडं गेली. दोघांवर फौजदारी गुन्हा दाखल झाला. पुढे माती वाहून जाऊ नये म्हणून आडवे ओंडके टाकायला आणि तोडलेल्या फांद्या पसरायला सरकारी कर्मचारी आणि ग्रीन माउंटन क्लब या डोंगरवाटा सांभाळणाऱ्या संस्थेचे स्वयंसेवक तिथे राबले. म्हणजे कापणारे दोघं आणि निस्तरायला सगळे.

माझं मत असं की झाड एक असो की हजार, सर्वांच्या जमिनीवर काय कापायचं हे कोणी एकट्याने ठरवू नये. तुम्हाला काय वाटतं?

बर्फाळ

असहमत. जरा सविस्तर लिहितो, कारण हा विषय नेहमी बिग जेवर सुरू होतो आणि तिथेच संपतो.

त्या दोघांनी जे केलं त्याची बाजू कोणीच घेत नाही. पण चेनसॉने मोकळं केलेलं ६० फुटी मैदान आणि बोटाएवढ्या जाडीची बीच नावाच्या झाडाची रोपटी हातकरवतीने काढणं एका पारड्यात का टाकता? इथल्या बीचच्या झाडांना सालीचा रोग लागलाय. मोठी झाडं मरतात आणि त्यांच्या मुळांतून इतके फुटवे येतात की खाली दुसरं काही उगवायला जागा राहत नाही. ते थोडे काढले तर जंगलाचं काय बिघडतं?

दुसरं, व्हरमाँटमध्ये स्टोव, किलिंग्टन, ओकीमो, जे पीक धरून सात रिसॉर्ट्स राज्याच्याच जमिनीवर भाडेपट्ट्याने चालतात. तिथे लिफ्टसाठी, उतारांसाठी, बर्फ तयार करायच्या पाइपांसाठी किती जंगल कापलं गेलं ते उन्हाळ्यात हमरस्त्यावरून दिसतं. ते कायदेशीर, कारण कंपनी भाडं भरते. ज्याला दिवसाचं दीडशे-दोनशे डॉलरचं तिकीट परवडत नाही त्याने चार फांद्या कापल्या की तो चोर.

आणि इतिहासही पाहा. मॅन्सफिल्ड डोंगरावरचा ब्रूस ट्रेल १९३३ मध्ये कोणी कापला? मंदीत बेकार झालेल्या तरुणांच्या सरकारी पथकांनी, म्हणजे सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरने. न्यू हॅम्पशायरमधला शेरबर्न ट्रेल, मॅसॅच्युसेट्समधला थंडरबोल्ट, सगळे त्याच काळातले. पूर्व अमेरिकेतलं स्कीइंग जंगल कापूनच उभं राहिलं. आज तीच परंपरा लोक स्वतःच्या घामाने पुढे नेत असतील तर त्यांच्याबद्दल एवढा कडवटपणा का?

दवबिंदू

रिसॉर्टवाल्या मुद्द्याला अनुमोदन. दोन मुलांना घेऊन एक दिवस रिसॉर्टला जायचं म्हणजे महिन्याचं गणित कोलमडतं. बॅककंट्री हाच आमच्यासारख्यांचा आसरा आहे. कापण्याचं समर्थन करत नाही, पण हा राग कुठून येतो ते समजून घ्या.

रानजाई

दवबिंदू, तो राग मलाही कळतो.

बर्फाळ, तुमच्याच उदाहरणावर बोलते. ब्रूस ट्रेल कापणारी पथकं राज्याचे वनाधिकारी पेरी मेरिल यांच्या योजनेतून कामाला लागली होती. कुठे कापायचं, कसं वळवायचं हे ठरवून, उघड्यावर, सरकारी पगारावर ते काम झालं. "बाहेर सांगू नका" अशी चिठ्ठी त्याला कोणी जोडली नव्हती. रिसॉर्टच्या भाडेपट्ट्यांवर टीका जरूर करा, मीही करते. पण त्या करारांची कागदपत्रं मागता येतात, सुनावणीला जाऊन विरोध करता येतो. गुपचूप कापलेल्या वाटेला विरोध करायचा तर कोणासमोर उभं राहायचं?

आता बीच. खाली, मेपल-बीच-बर्चच्या पट्ट्यात, तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. ही पानझडी झाडं कापली तरी बुंध्यातून, मुळांतून पुन्हा फुटतात. पण चांगलं बर्फ टिकतं वर, साधारण ३,००० फुटांच्या आसपास आणि त्याच्याही वर. तिथे बाल्सम फर आणि स्प्रूस ही सूचिपर्णी झाडं. फरचा बुंधा कापला की त्याला फुटवे येत नाहीत. ते झाड संपलं. वरची माती म्हणजे खडकावर साचलेला पातळ थर. मुळांनी धरलेला तो थर सुटला की पावसाचं पाणी कापलेल्या पट्ट्यालाच ओढा करतं. वाट जेवढी सरळ उताराने, तेवढी धूप जास्त. आणि स्कीवाल्याला हवी असते नेमकी तशीच वाट.

त्याच फरच्या दाटीत बिकनेल्स थ्रश नावाचा लहानसा तपकिरी कस्तूर पक्षी घरटं करतो. जगात तो फक्त अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या आणि पूर्व कॅनडातल्या जंगलांत वीण करतो आणि हिवाळा मुख्यतः डॉमिनिकन रिपब्लिक-हैतीच्या बेटावर काढतो. माणसाला आत शिरता येत नाही अशी दाटी त्याला लागते. स्कीवाल्याला नको असते ती नेमकी तीच.

बर्फाळ

कस्तुराचं घरटं स्टोवच्या उतारांच्या मधल्या झाडांच्या पट्ट्यांतही सापडतं, हेही लिहा. पक्षी-अभ्यासकांनी तिथेच वर्षानुवर्षं काम केलंय. म्हणजे इतक्या मोठ्या कापणीनंतरही तो तिथे राहतो, मग आमच्या चार फूट वाटेने तो पळून जाईल हे पटत नाही.

फरच्या फुटव्यांचा मुद्दा मात्र मान्य. वरच्या पट्ट्यात कोणीच करवत नेऊ नये.

रानजाई

तो तिथे राहतो हे खरं. पण पट्टे उरले म्हणून राहतो. त्या पट्ट्यांतूनच आता लोक वाटा काढायला लागले तर?

वैनगंगा

मी गडचिरोलीचा. स्कीइंग फक्त टीव्हीवर पाहिलंय, पण "जंगल कोणाचं" हा वाद आमच्या घरातला आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतरही गावाने स्वतः बांबू कापून विकायचा म्हटल्यावर वनखात्याशी भांडावं लागलं, आणि २०११ मध्ये तो हक्क हातात आला. त्या गावाची घोषणा सगळ्यांना माहीत आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." म्हणून बर्फाळ यांच्या बोलण्यातला एक भाग मला जवळचा वाटतो. कंपनीला मिळतं आणि माणसाला मिळत नाही, हा अन्याय आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिलाय. कागद कारखान्यांना स्वस्तात बांबू आणि आदिवासीच्या डोक्यावरची मोळी पकडायला गार्ड.

पण त्याच गावात बांबू किती, कुठला, कधी कापायचा हे ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरतं. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुन्हा होते. कोणी रात्री जाऊन कापून आणला तर गावच त्याला जाब विचारतं. हक्क मागणारे लोक लपून कापत नाहीत, कारण लपून कापलं की हक्काची मागणीच पोकळ होते. तुमच्या त्या ट्रॅकवाल्यांनी आधी हक्क मागावा. मागितला आणि मिळाला नाही तर आपण सगळे त्यांच्या बाजूने बोलू.

सह्यपुत्र

वैनगंगा, पटलं. पण अमेरिकेत मागून मिळतं का? की वर्षानुवर्षं अर्ज करत बसायचं?

चढण

सह्यपुत्र, याचं उत्तर देऊ शकेन, कारण मी ब्रँडन गॅपच्या कायदेशीर ग्लेडवर स्वयंसेवक म्हणून काम केलंय.

मिळतं. वेळ लागतो, पण मिळतं. व्हरमाँटच्या मध्यभागी रास्टा नावाची स्थानिक संघटना होती, आता तिचं नाव रिजलाइन आउटडोअर कलेक्टिव्ह. त्यांनी ग्रीन माउंटन राष्ट्रीय वनाच्या अधिकाऱ्यांबरोबर बसून आराखडा केला, पर्यावरणाची तपासणी झाली, आणि राष्ट्रीय वनाच्या जमिनीवर कायदेशीर ग्लेड तयार झाले. शेजारी न्यू हॅम्पशायरमध्ये २०१६ पासून ग्रॅनाइट बॅककंट्री अलायन्स हेच काम करतेय.

काम कसं चालतं ते सांगतो, कारण "छाटणी" या एका शब्दात सगळं झाकलं जातं. आधी वनतज्ज्ञ उतार फिरून पाहतो. ओढ्याच्या काठाला, पाणथळ जागेला हात लावायचा नाही. कुठल्या पट्ट्यात रोपटी काढायची आणि कुठला पट्टा पूर्ण सोडायचा हे ठरलेलं असतं. सोडलेल्या पट्ट्यातूनच उद्याची झाडं येणार. सगळीच रोपटी काढली तर आजची मोठी झाडं म्हातारी होऊन पडतील तेव्हा मागे काहीच उरणार नाही. हे गुपचूप कापणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण त्याला या मोसमातलं बर्फ दिसत असतं. करवत चालते ती पक्ष्यांची वीण संपल्यावर. आणि बुंधा जमिनीलगत कापायचा, तिरका नाही. तिरका कापलेला फूटभर बुंधा म्हणजे भाला. कमी बर्फात त्यावर पडलेला माणूस मी पाहिलाय. त्या वाटेवर कोणी जबाबदार नव्हतं, कारण ती वाट कोणाचीच नव्हती.

बर्फाळ, एक गोष्ट तुम्हाला कळकळीने सांगतो. आमच्या बैठकांत सर्वात मोठा अडथळा अर्जाचा कागद नव्हता. अधिकारी आधीच्या चोरट्या वाटांचे फोटो समोर ठेवत आणि विचारत, "तुम्हाला इथे परवानगी दिली तर तुमचेच लोक शेजारच्या उतारावर करवत नेणार नाहीत कशावरून?" याचं उत्तर द्यायला आमच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या.

बर्फाळ

चढण, तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. ब्रँडन गॅपला मी गेलोय. पण तिथे आता शनिवारी पार्किंगला जागा नसते. २०२० नंतर स्किन आणि डोंगर चढून स्की करायची सामग्री घेणाऱ्यांची संख्या कुठल्या कुठे गेली. कायदेशीर जागा मोजक्या आणि माणसं भरमसाट. तुम्ही दर काही वर्षांनी एक उतार उघडणार आणि तोवर बाकीच्यांनी थांबायचं, हे प्रत्यक्षात होणार नाही. मी उपदेश करत नाही, जे दिसतंय ते सांगतोय. वनखात्याने मंजुरीचं काम वेगाने केलं नाही तर करवती थांबणार नाहीत.

रानजाई

मग वेग वाढवायला लढू या, मी येते. पण गर्दी झाली म्हणून कापायचं, हे मान्य केलं तर थांबायचं कुठे?

राहिला प्रश्न त्या ट्रॅकचा. राष्ट्रीय वनात परवानगीशिवाय झाड कापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. राज्याच्या कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीवरची झाडं तोडल्याबद्दल तिप्पट भरपाईची तरतूद आहे. गटात मी ट्रॅक काढून टाकायला सांगितला, तो काढला गेला. पण वाट तर तिथेच आहे. मी ती जागा वनखात्याला कळवणार आहे.

दवबिंदू

रानजाई, कळवू नका असं मला वाटतं. ज्याने ट्रॅक टाकला त्याने कापली नसेलही. व्हिसावर असलेल्या माणसामागे उगाच चौकशी लागली तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

रानजाई

त्या माणसाचं नाव देणार नाही, त्याला आधी सांगूनच कळवेन. मला जागा कळवायची आहे. तो उतार ३,००० फुटांच्या वर जातो, आणि पुढच्या वसंतात बर्फ वितळल्यावर तिथे पाणी कुठे वाहतंय हे कोणीतरी जाऊन पाहायला हवं. खात्याचा माणूस येणार असेल तर मी सोबत जाईन. चढण, तुम्ही याल का?

चढण

येतो. मे महिन्याच्या शेवटी चिखल जरा कमी होतो तेव्हा ठरवू. तिरके बुंधे असतील तर त्यांचं काय करायचं हे मात्र आधी खात्याला विचारून घेऊ, आपण करवत न्यायची नाही.

बर्फाळ

माझं मत तेच आहे. पण जाणार असाल तर मलाही कळवा. खालच्या बीचच्या पट्ट्यात रीतसर ग्लेड होऊ शकेल का, हे त्या अधिकाऱ्यालाच जागेवर उभं राहून विचारायचंय.