मुलगी शेटलंडला चाललीय, वाऱ्याची काय तयारी करावी?

सातारची आई: मुलीला स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर, लेरविकला नर्सची नोकरी लागलीय. नोव्हेंबरात निघेल. गरम कपडे घेतले, पण जो तो थंडीपेक्षा वाऱ्याचंच सांगतो. जिवाला घोर लागलाय. कोणी तिथे राहिलंय का?

लेरविककर: ताई, मी इथे सात वर्षं आहे. हिवाळ्यातही पारा बहुतेक शून्याच्या वरच असतो. झोंबतो तो वारा. छत्री देऊ नका, टोपीवालं वॉटरप्रूफ जाकीट द्या. गाडी घेतली तर तोंड वाऱ्याकडे करून लावायची आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं. पहिल्याच हिवाळ्यात वारा पाठीमागून असताना माझ्या हातून दार सुटलं आणि बिजागरीतून वाकलं ते मिटेचना. वादळ सरलं की खिडक्यांवर पांढुरका थर दिसतो. बोट फिरवून चाटलं तर खारट!

किराणा ॲबर्डीनहून रात्रीच्या बोटीने येतो. बोट दोन दिवस अडली की दूध-पाव संपतात, म्हणून पंधरा दिवसांचे डाळ-तांदूळ घरात हवेतच.

डिसेंबर 2022 मध्ये विजेच्या तारांवर बर्फ साचून हजारो घरं अंधारात गेली. मी तेव्हा लेरविकबाहेर राहायचे. शेगडी विजेवरची, तीन दिवस वीज नाही. पहिल्याच संध्याकाळी पलीकडच्या आजी टॉर्च घेऊन आल्या, जेवलीस का विचारायला. त्यांच्याकडे पीटची चूल होती. पीट म्हणजे माळावरून कापून वाळवलेल्या काळ्या मातीच्या ढेपा. त्यावर मी मुगाची खिचडी टाकली. आजींनी दोनदा वाढून घेतली.

मला विचाराल तर वाऱ्याची सवय होते, अंधाराची लवकर होत नाही. डिसेंबरात दिवस सहा तासांचाही नसतो. दुपारी घटकाभर तरी बाहेर पडायला सांगा.

ॲबर्डीनचा मिलिंद: एक भर घालतो. सम्बरा विमानतळ लेरविकपासून चाळीसेक किलोमीटरवर, अगदी दक्षिण टोकाला. तिथली विमानं उन्हाळ्यात धुक्यानेही अडतात. भारतात यायचं असेल तेव्हा पुढच्या विमानाआधी दोन दिवस हाताशी ठेवावेत. हवामान बघून बोट कधी वेळेआधीही सुटते.

सातारची आई: खूप आधार वाटला. तूरडाळ मिळते का हो तिथे? मुलगी बोटीनेच येणार आहे.

लेरविककर: डाळ मागवता येते. गोडा मसाला आणि मेतकूट तेवढं द्या. बोट सकाळी साडेसातला लागते. तारीख कळवा, मी धक्क्यावर असेन.