सर्केशियन स्त्री: चित्रातली आणि इतिहासातली

प्रश्न: जेरोम या फ्रेंच चित्रकाराने १८७६ मध्ये रंगवलेली बुरख्यातील सर्केशियन स्त्री, म्हणजे काळ्या समुद्राजवळच्या कॉकेशस या डोंगराळ प्रदेशातील सर्केशियन लोकांपैकी एक, नुकतीच पाहिली. त्या काळच्या युरोपीय चित्रांत हे लोक बहुधा जनानखान्यातच का दिसतात?

उत्तर १: कॉकेशसमधील मुलींना ऑटोमन (तुर्की) जनानखान्यांत गुलाम म्हणून नेले जाई, हे खरे, पण चित्रकारांनी त्या व्यापारातले दुःख वगळून केवळ गोरी कांती तेवढी उचलली. प्रत्यक्षात १८६४ मध्ये, शतकभर चाललेले युद्ध जिंकून रशियाने सर्केशियनांना काळ्या समुद्राच्या काठावरून हुसकावून लावले होते आणि ट्रॅबझोन, सॅमसून या ऑटोमन बंदरांत उतरलेले निर्वासित उपासमारीने व रोगराईने मरत होते.

उत्तर २: अमेरिकेत तर बार्नम या तमाशेवाल्याने स्थानिक मुलींचेच केस बिअरने धुऊन, पिंजारून त्यांना ‘सर्केशियन सुंदरी’ म्हणून तिकीट लावून दाखवले. सर्केशियनांशी त्या केसांचा काडीचाही संबंध नव्हता!

उत्तर ३: ग्रुझिन्स्की या रशियन चित्रकाराचे १८७२ चे चित्र अवश्य पाहावे, रशियन सैन्य जवळ येताच गाव सोडून निघालेले डोंगरी लोक त्यात आहेत, जनानखाना नाही.