मदत हवी आहे : व्हीलचेअर बास्केटबॉल, भावासाठी

मंडळी, माझा धाकटा भाऊ (वय २२, बाईक अपघातात उजवा पाय गुडघ्याखालून गेला) चार महिन्यांपासून पुण्यात व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतोय आणि पोरगं जाम खुश आहे. पण कोच म्हणाले क्लासिफिकेशनमध्ये (अपंगत्व जितकं कमी तितके खेळाडूचे पॉइंट जास्त) तुला ४ नाहीतर ४.५ पॉइंट मिळणार, आणि कोर्टवरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर चालत नाही, म्हणजे बराच वेळ बाहेरच बसायचं का?? हे क्लासिफिकेशन नक्की कोण करतं, कागदपत्रं काय लागतात, युडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) पुरतं का?

दुसरं म्हणजे खुर्ची. साधी हॉस्पिटलवाली वळताना आडवी होते, दोनदा पडलाय, तिरक्या चाकांची स्पोर्ट्स खुर्ची सेकंडहँड कुठे मिळेल? नवीन आम्हाला झेपणार नाही.