मराठी चित्रपटांची साइट: लॅपटॉपवर चालते, व्हर्सेलवर बिल्ड फेल, आणि काही मोबाइलवर लिस्टच येत नाही

पडदाप्रेमी:
नमस्कार मंडळी. नेक्स्ट जेएस १५ (वेबसाइट बनवायचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) मध्ये फक्त मराठी चित्रपटांची साइट करतोय, कारण बाकी सगळीकडे हिंदी-इंग्रजीच्या गर्दीत मराठी शोधता शोधता जीव जातो. डेटा टीएमडीबी या चित्रपटांच्या ऑनलाइन डेटाबेसच्या एपीआयवरून घेतोय, त्याच्या डिस्कव्हर या शोध सोयीमध्ये मूळ भाषा मराठी दिली की पोस्टरसकट लिस्ट मिळते. माझ्या विंडोज लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालतंय पण व्हर्सेलवर (जिथे साइट होस्ट केलीय) नवीन कोड टाकला की बिल्ड फेल, म्हणतंय मूव्हीकार्ड नावाचं मॉड्यूल सापडत नाही, आणि फाइल तर गिटहबवर समोर दिसतेय. दुसरी भानगड वेगळीच आहे. आधीचं व्हर्जन लाइव्ह आहे, ते मित्रांना पाठवलं तर काहींना दिसतं, काहींकडे नुसता लोडर फिरतोय. तोच फोन घरच्या वायफायवर घेतला की लिस्ट येते, सिमच्या डेटावर नाही. कोड साधाच आहे, यूजइफेक्टमध्ये (म्हणजे पेज ब्राउझरमध्ये उघडल्यावर) फेच करून डेटा मागवतो. नेमकं कुठे बघू?

रात्रपाळी:
बिल्डचं आधी सांगतो, ते सोपं आहे. फाइलचं नाव स्मॉल एमने आहे आणि इम्पोर्टमध्ये कॅपिटल एम, किंवा उलटं, नीट बघ. विंडोजला त्याने काही फरक पडत नाही पण व्हर्सेलचा बिल्ड लिनक्सवर होतो आणि तिथे त्या दोन वेगळ्या फाइली. आणि नुसतं एक्सप्लोररमध्ये रिनेम करून पुश केलंस तर विंडोजवर गिटला बहुतेक वेळा तो बदल कळतच नाही, गिटहबवर जुनंच नाव राहतं. 'गिट एमव्ही' कमांडने रिनेम कर, मग कमिट कर.

बॅकएंडवाला_नागपूर:
मोबाइल डेटाचा प्रॉब्लेम तुझ्या कोडचा नाहीये रे. भारतात काही इंटरनेट कंपन्यांच्या नेटवर्कवर टीएमडीबीचं एपीआय डोमेन उघडतच नाही, डीएनएसकडून पत्ताच नीट मिळत नाही, हा त्रास बऱ्याच लोकांना झालाय. तू यूजइफेक्टमध्ये फेच करतोस म्हणजे रिक्वेस्ट बघणाऱ्याच्या फोनमधून जाते, मग त्याचं सिम अडवेल तर लिस्ट कुठून येणार.

उपाय म्हणजे फेच सर्व्हरवर ने. पेज सर्व्हर कॉम्पोनेंट (सर्व्हरवरच तयार होणारं) ठेव, वरची 'यूज क्लायंट' ओळ काढ, पेजचं फंक्शन असिंक कर आणि तिथेच अवेट फेच. आता रिक्वेस्ट व्हर्सेलच्या सर्व्हरवरून जाते आणि फोनला तयार एचटीएमएल मिळतं, सिम कुठलंही असो. सर्चसाठी मात्र क्लायंट लागेलच, तिथे एक रूट हँडलर (तुझ्याच साइटवरचा छोटा एपीआय) लिही आणि ब्राउझरने त्यालाच विचारायचं, टीएमडीबीला थेट नाही.

टीएमडीबीच्या एपीआय कीचा (गुप्त ठेवायच्या कोडचा) प्रश्न पण यातच सुटतो. ती की ठेवलेल्या तुझ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या नावापुढे 'नेक्स्ट पब्लिक' असणार, नाहीतर ब्राउझरमधून फेच चाललंच नसतं. ते प्रीफिक्स असलं तर ती की बिल्डच्या वेळी जावास्क्रिप्टमध्ये जाऊन बसते आणि कुणीही नेटवर्क टॅब उघडून वाचू शकतं. प्रीफिक्स काढ, व्हर्सेलच्या सेटिंगमध्ये नवीन नावाने टाक आणि परत डिप्लॉय कर, कारण आधीच्या डिप्लॉयमेंटला नवीन व्हॅल्यू लागू होत नाही.

अजून एक, १५ मध्ये फेच आपोआप कॅश होत नाही, १४ मध्ये व्हायचं, त्यामुळे जुनी ट्यूटोरियल बघून फसायला होतं. रिव्हॅलिडेट दे, म्हणजे किती सेकंद साठवलेला डेटा वापरायचा ते सांग. लिस्टला ३६०० सेकंद ठीक, एका चित्रपटाच्या पेजला ८६४०० पण चालेल, जुन्या चित्रपटाची माहिती रोज कुठे बदलते. आणि चित्रपटाच्या पेजवर आयडी घेताना पॅरॅम्सला (यूआरएलमधून येणाऱ्या माहितीला) पण आता अवेट लागतं.

पडदाप्रेमी:
रात्रपाळी, बरोबर, नावाचाच घोळ होता, बिल्ड पास झाला! बॅकएंडवाला दादा, फेच सर्व्हरवर नेलं आणि तोच मित्र सिमवरून लिस्ट बघतोय, खूप आभार. पोस्टरचं काय करू? नेक्स्टचा इमेज कॉम्पोनेंट लावला तर डोमेनची एरर येतेय.

रात्रपाळी:
नेक्स्टच्या कॉन्फिगमध्ये रिमोट पॅटर्न्समध्ये (बाहेरच्या कुठल्या डोमेनच्या इमेज चालतील त्या यादीत) टीएमडीबीचं इमेज डोमेन टाक, एपीआयचं नाही, दोन्ही वेगळी आहेत. पण थांब, व्हर्सेलच्या फ्री प्लॅनवर इमेज ऑप्टिमायझेशनला (इमेज लहान करून देण्याला) मर्यादा आहे आणि पोस्टरांच्या साइटवर ती लवकर भरते. टीएमडीबी स्वतःच १८५, ३४२, ५०० अशा रुंदीत पोस्टर देतं. ग्रिडमध्ये ३४२ वालं घे, 'ओरिजिनल' तर अजिबात नको, आणि अनऑप्टिमाइज्ड लाव. फक्त मग पोस्टर परत फोनमधून थेट येणार, म्हणून आधी त्या मित्राच्या सिमवर एका पोस्टरची लिंक उघडून बघ. नाही उघडली तर ऑप्टिमायझेशन चालू ठेव, तेव्हा इमेज व्हर्सेलमार्गे येते.

देवनागरी_फ्रंटएंड:
विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहिते. टॉप रेटेडचं पान करणार असशील तर कमीत कमी मतांचा आकडा हिंदी-इंग्रजी साइटींसारखा शेकड्यात ठेवू नकोस, मराठी चित्रपटांना तिथे मतंच इतकी कमी असतात की चांगले चित्रपट गळून जातात. दहापासून सुरू कर आणि काय येतं ते डोळ्यांनी बघून ठरव. भाषा मराठी मागितली तर बऱ्याच चित्रपटांचं कथानक रिकामं येतं, तेव्हा इंग्रजी दाखवायची सोय कर, नाहीतर पान भकास दिसतं. फॉन्टला मुक्ता घे, सबसेटमध्ये देवनागरी द्यायला विसरू नको, नाहीतर तो भाग प्रीलोड होत नाही आणि आधी दुसराच फॉन्ट झळकतो. ओळींची उंची पण वाढव, मात्रा आणि रफार कापले जातात.

आणि फुटरमध्ये टीएमडीबीचा लोगो आणि त्यांनी दिलेलं वाक्य टाक, ती त्यांची अट आहे. जमलं तर तिथे अकाउंट काढून मराठी कथानकं भर. तिथली माहिती लोकच भरतात, आपल्या चित्रपटांची आपण नाही भरली तर कोण भरणार. तू भरलेलं तुझ्या साइटवर तर येईलच, पण त्याच एपीआयवर चालणाऱ्या बाकीच्या साइटींवर आणि ॲपांवरही येईल.

पडदाप्रेमी:
ताई, हे डोक्यातच नव्हतं. आज रात्री फुटर आणि फॉन्ट करतो, कथानकं शनिवारपासून. कुणाला बरोबर भरायची असतील तर इथेच सांगा, दशकं वाटून घेऊ. मी १९७० चं घेतो.