मदत हवी आहे: पुराचं पाणी पार्किंगमध्ये येतं, भिंत वाढवावी का? रविवारी सभा आहे

रेवती_एस
मंडळी प्लीज लवकर सांगा. मागच्या पुरात पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं, मीटर रूम गेली, लिफ्ट दीड महिना बंद, चौथ्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिसला न्यायला रोज दोघं खुर्ची उचलायचे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कंपाउंडची भिंत आरसीसीत साडेपाच फूट करा, ११ लाख. भिंतीने पाणी थांबेल का, एवढंच हवंय.

अभय_कु
शहर कुठलं? नदी की ओढा?

रेवती_एस
अहो पुणे, सिंहगड रोड, मुठा. २५ जुलै २०२४ चा पूर, दुसरा कुठला.

कात्रजचा_मी
दुसराही आहे ताई. आमच्यासाठी पूर म्हणजे २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र, आंबील ओढा. अरण्येश्वरजवळ भिंत पडून माणसं गेली, त्यामुळे भिंत म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. भिंतीला पाणी अडलं की सगळा दाब तिच्यावर. पाया तपासल्याशिवाय उंची वाढवू नका.

सिव्हिलवाला_७२
ब्लू लाइनच्या आत आहात का ते आधी बघा. ब्लू लाइन म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, रेड लाइन १०० वर्षांतून एकदा. आत असाल तर बांधकामाला परवानगीच मिळणार नाही.

अभय_कु
नुसत्या रेषेवर जाऊ नका. मुठेची ब्लू लाइन ६० हजार क्युसेकला (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) धरलेली आहे, त्या दिवशी खडकवासला धरणातून ३५ हजारांच्या आसपास सोडलं होतं आणि तरी सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरात पाणी. पात्रात भराव पडलेत, धरणाच्या खाली ओढ्यांचं पाणी येऊन मिळतं, नकाशातली रेषा जुनीच. ताई, पाणी पहिल्यांदा कुठून आलं? गेटमधून की गटाराच्या चेंबरमधून?

रेवती_एस
त्याने काय फरक पडतो?

अभय_कु
सगळा फरक त्यानेच पडतो. नदी चढली की पावसाळी गटाराचं तोंड बुडतं आणि तेच पाणी पाइपातून उलटं तुमच्या चेंबरमध्ये येतं. मग भिंत १० फूट घेतलीत तरी पाणी आतूनच वर येणार.

पंचगंगा_काठ
आमच्याकडं कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका. कुठल्या फुटाला आपल्या गल्लीत पाणी येतं ते पोरासोरांनाही पाठ, त्याप्रमाणं आधीच गाड्या हलतात. तुम्ही धरणातून किती क्युसेक सोडलं की चेंबरचं झाकण उचलतं ते लिहून ठेवा, याला एक रुपया लागत नाही.

निसर्ग_प्रेमी
गच्चीला पांढरा रंग द्या, वरचे मजले उन्हाळ्यात बरेच थंड राहतात. अहमदाबादने २०१३ मध्येच हीट अॅक्शन प्लॅन केला, आपण कधी जागे होणार?

सिव्हिलवाला_७२
त्या विचारतायत पुराचं. ताई, चेंबरच्या आउटलेटला फ्लॅप व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं येऊ न देणारी झडप, विषय संपला.

अभय_कु
विषय नाही संपत. व्हॉल्व्ह बंद झाला की आवारात पडलेला पाऊस बाहेर कसा जाणार? पंप लागणार, आणि मीटर रूम बुडाली की पंप बंद. म्हणजे आधी मीटर पॅनेल वर, मग व्हॉल्व्ह आणि डिझेल पंप, त्यातून पैसे उरले तर भिंत.

विमाननगर_२
या भागात २ बीएचके घेऊ का? रेट खाली आलेत म्हणे.

कात्रजचा_मी
वेगळा धागा काढा हो.

रेवती_एस
आत्ता वॉचमनकाकांना विचारून आले. पहाटे गेट कोरडं होतं तेव्हाच मागच्या चेंबरचं झाकण खडखडत होतं, त्यांनी त्यावर कुंडी ठेवली, तीही कलंडली. लिफ्टच्या दारावर चिखलाची रेघ अजून आहे. ती मीटर पॅनेलच्या किती वर येते ते कसं मोजू? लिफ्ट आणि पॅनेल इमारतीच्या दोन टोकांना आहेत.

अभय_कु
गवंड्याकडची लेव्हलची नळी आणा, पारदर्शक, पाणी भरलेली. एका टोकातलं पाणी रेघेशी जुळवा, दुसरं टोक पॅनेलपाशी धरा, तिथे पाणी थांबेल तिथे खडूने खूण करा. चेंबरच्या झाकणापासून रेघ किती वर आहे तेही असंच मोजा. आकडे इथे टाका, रविवारच्या आत सांगतो पॅनेल किती वर घ्यायचं.

रेवती_एस
उद्या सकाळी टाकते. कॉन्ट्रॅक्टरला अॅडव्हान्स देऊ नका म्हणून ग्रुपवर आत्ताच लिहिलंय.