विषय : मुलाचा फोन काढून घ्यावा का?

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

मुलाच्या शाळेतून गेल्या आठवड्यात पालकांना पत्र आले. ऑनलाइन खेळात ओळख काढून कोणीतरी वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याकडून खासगी छायाचित्र मिळवले आणि पैसे न दिल्यास ते त्याच्या सगळ्या मित्रांना पाठवू, अशी धमकी दिली. आमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. फोन काढून घ्यावा असे मला वाटते, हिला ते पटत नाही. शाळेत काम केलेल्या सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

एक पालक

—

नमस्कार,

आपली काळजी रास्त आहे, परंतु मत मात्र मी वहिनींच्या बाजूने देईन. मूल घरी सांगणार नाही, या एका खात्रीवर धमकी देणाऱ्याचे सारे बळ उभे असते. ज्या घरात ‘असले काही दिसले तर फोन बंद’ हे मुलाने ऐकलेले असते, तिथे त्या माणसाचे अर्धे काम आपणच करून ठेवलेले असते. म्हणून काहीही घडलेले नसताना, आजच त्याला सांगावे की चूक तुझी असली तरी आधी आमच्याकडे ये, फोन तुझ्याकडेच राहील. आणि वेळ आली तर शब्द पाळावा. (मला तो पाळणे जड गेले होते, हे कबूल करते.)

मुले अशा गोष्टी समोर बसून क्वचितच सांगतात. वर्ग सुटल्यावर, दप्तराची चेन ओढता ओढता, खाली बघत विचारतात, “बाई, कोणाला सांगणार नाही ना?” आपल्या तोंडून ‘नाही सांगणार’ निघून जाते आणि तिथेच आपण चुकतो. “ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगेन, आणि कोणाला ते तुला आधी सांगेन,” एवढेच वचन द्यावे. त्याचे शब्द तारीख-वेळेसह जसेच्या तसे लिहून ठेवावेत आणि शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे असेल त्यांना त्याच दिवशी कळवावे. खोदून खोदून विचारू नये. तेच चार जणांना सांगावे लागले की मूल गप्प होते, शिवाय आपण सुचवलेले शब्द त्याच्या तोंडी बसले तर पुढच्या चौकशीत जबाब कच्चा ठरतो.

छायाचित्र गेलेच असेल तर पैसे देऊ नयेत, कारण एकदा दिले की मागणी पुन्हा येते. धमकीचे संदेश आणि खात्याचे नाव जपून ठेवून पोलिसांत तक्रार द्यावी. ते छायाचित्र मात्र ‘पुरावा’ म्हणून कोणालाही, अगदी घरच्यांनाही, पुढे पाठवू नये. अल्पवयीन मुलाचे असे चित्र पाठवणे अनेक देशांत गुन्हा आहे. हरवलेल्या व शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील राष्ट्रीय केंद्राने २०२३ मध्ये ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा सुरू केली. तिच्यात चित्र फोनबाहेर जातच नाही. त्याचा ‘हॅश’, म्हणजे अंकाक्षरांचा ठसा, तेवढा जातो आणि सहभागी कंपन्या त्याच्याशी जुळणारे चित्र शोधून हटवतात. चित्र वयाच्या १८ वर्षांआधीचे असावे लागते, आणि कूटबद्ध, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला व घेणाऱ्यालाच वाचता येणाऱ्या, खासगी संदेशांपर्यंत ही सेवा पोहोचत नाही. म्हणूनच मुलाने पहिल्याच दिवशी सांगणे महत्त्वाचे.

मराठी शाळेतील एक शिक्षिका

—

ताई, नमस्कार,

काल त्याच्याशी बोललो. सगळे शांतपणे ऐकून घेऊन त्याने विचारले, “आणि तुम्ही मला न विचारता माझे फोटो टाकता, ते?” मला उत्तर सुचले नाही. स्नेहसंमेलनाच्या आपल्या सार्वजनिक छायाचित्रांत मुलांची पूर्ण नावे आहेत आणि दोन ठिकाणी गणवेशावरील शाळेचे बोधचिन्हही स्पष्ट वाचता येते. कार्यकारिणीला विनंती आहे की तो संच तूर्त काढावा आणि पालकांबरोबर मुलांचीही संमती घेऊनच, नावे वगळून, पुन्हा ठेवावा. फोन त्याच्याकडेच आहे.