उत्तर: ३५ वा आठवडा, बाळ कमी हलतंय
सासूबाई म्हणतात पोटात जागा उरली नाही म्हणून बाळ कमी हलतं, असं लिहिलंयस. अगं जागा कमी होते हे खरंय, त्यामुळं लाथांऐवजी कूस बदलल्यासारखं जास्त वाटतं, पण हालचाल काही कमी होत नाही, कमी वाटली तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघत बसायचं नाही. मी सांगलीत आईकडं होते, जेवून डाव्या कुशीवर पडलं की पोटाचा एक कोपरा टेंगळासारखा वर यायचा, टाच असावी, हात लावला की आत. आणि एका तालात टुकटुक उडतं ती बाळाची उचकी, तिला घाबरू नको. भडंग मात्र जपून, मला रात्रभर जळजळायचं.